पांढऱ्या पेशींची अडलेली वाट

लहान मूल वारंवार आजारी पडूं लागलें म्हणजे त्यावर घरांतील प्रत्येकाचें निराळें मत असतें. आजीबाई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढावयास बसतात, आईला दुधाची शंका येते आणि वडील पुण्याच्या हवेवर ठपका ठेवून मोकळे होतात. बहुतेक वेळां हीं निदानें पडताळून पाहण्याची पाळीच येत नाहीं. चार दिवसांनीं मूल आपोआप खेळूं लागतें. बालवाडींत जाऊं लागलेल्या धडधाकट मुलालासुद्धां वर्षांतून ६ ते ८ वेळां सर्दीपडसें होतें, आणि त्यांत भिण्यासारखें कांहीं नसतें. उलट, रोगजंतूंशीं ओळख करून घेण्याची त्याच्या शरीराची ती शाळाच असते.

परंतु क्वचित् एखादें मूल असें असतें, कीं त्याचा एक आजार संपतो न संपतो तोंच दुसरा उभा राहतो. आज बेंबी सुजली, उद्यां कान फुटला, परवां फुप्फुसाचा दाह झाला. जखम झाली तर ती आठवडेच्या आठवडे भरत नाहीं; आणि नवलाची गोष्ट ही, कीं तिच्यांत पूही होत नाहीं. अशा मुलाचें रक्त तपासावें, तर रोगाशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी नसून उलट वाजवीपेक्षां पुष्कळ अधिक आढळतात! सैन्य आहे, शस्त्रें आहेत, शत्रूही दारांत उभा आहे. आणि तरीही लढाई म्हणून होत नाहीं. हें कोडें काय आहे, तें उलगडण्याकरितां शास्त्रज्ञांना कोणकोणत्या वाटा तुडवाव्या लागल्या, आणि त्यांपैकीं एक वाट आपल्या मुंबईंतील परळवरून कशी जाते, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

रक्ताचा एक थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला तर त्यांत तांबड्या पेशींची दाटी दिसते आणि तिच्यांत मधून मधून पांढऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. प्रौढ माणसाच्या एक घन मिलीमीटर रक्तांत तांबड्या पेशी सुमारें ५० लक्ष, तर पांढऱ्या पेशी अवघ्या ४ ते ११ हजार. लहान मुलांत त्या कांहींशा अधिक असतात. या पांढऱ्या पेशींच्या निरनिराळ्या जाती आहेत. संख्येनें सर्वांत मोठी जात न्यूट्रोफिल या नांवानें ओळखली जाते. हाडांच्या पोकळींतील मज्जेंत तिचा जन्म होतो, रक्तांत तिचा मुक्काम थोड्या तासांचाच असतो, आणि कोठें जंतूंचा शिरकाव झाला कीं तेथें प्रथम धांवून जाऊन त्यांना गिळून टाकणें हें तिचें काम.

पेशी जंतूंना गिळतात ही कल्पना प्रथम कोणाला सुचली? १८८२ सालच्या डिसेंबर महिन्यांत सिसिली बेटावरील मेसिना या गांवीं एली मेचनिकॉफ नांवाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रांतील तारामाशाच्या डिंभांचें निरीक्षण करीत होते. हे डिंभ कांचेसारखे पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरांत भटकणाऱ्या पेशी पाहतां पाहतां मेचनिकॉफ यांच्या मनांत आलें, कीं यांच्या अंगांत बाहेरची एखादी वस्तु शिरली तर या पेशी तिच्याभोंवतीं गोळा होतील काय? त्यांनीं बागेंतील गुलाबाचे कांटे आणून डिंभांच्या अंगांत टोंचले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतात तों प्रत्येक कांट्याभोंवतीं पेशींनीं वेढा दिलेला! आपल्या बोटांत कुसळ गेलें असतां तेथें जी सूज येते व पुढें पू धरतो, त्याचा अर्थ त्या सकाळीं त्यांना उमगला. पू म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून लढाईंत कामास आलेल्या पांढऱ्या पेशींचा तो ढीग होय. या शोधाबद्दल १९०८ सालीं पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

मेचनिकॉफ यांचे एक विद्यार्थी तर महाराष्ट्राच्या चांगल्याच ओळखीचे आहेत. ओडेसा येथें त्यांच्या हाताखालीं शिकलेले वाल्डेमार हाफकिन १८९६ सालीं प्लेगच्या सांथींत मुंबईस आले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांतील एका लहानशा प्रयोगशाळेंत त्यांनीं प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नांवानें उभी आहे. जंतु आणि शरीर यांच्या झगड्याचा अभ्यास मुंबईंत रुजला तो असा.

आतां मुख्य प्रश्न. पांढऱ्या पेशी असतात रक्तांत, आणि जंतु शिरतात ते रक्तवाहिनीच्या बाहेर, कातडींत, हिरड्यांत, फुप्फुसांत. मग रक्तांतून बाहेर पडून या पेशी तेथें पोंचतात कशा? १८६७ सालीं यूलियस कोनहाइम या जर्मन वैद्यानें बेडकाच्या आंतड्याला लागून असलेला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखालीं ताणून धरला आणि ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. वेगानें वाहणाऱ्या रक्तांतील पांढऱ्या पेशी कांठाला येतात, तेथें रेंगाळतात, भिंतीला चिकटतात, आणि थोड्या वेळानें भिंतींतील सांध्यांतून अंग चोरून पलीकडे निघून जातात. त्यानें पाहिलें तें खरें. पण त्या पेशींना कांठाला कोण ओढतें व भिंतीशीं कोण बांधतें, हें कळावयास आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

ही क्रिया ध्यानांत येण्यासाठीं आपल्या नित्याच्या पाहण्यांतील एक उदाहरण घेऊं. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा हमरस्ता डोळ्यांपुढें आणा. या रस्त्यावर वाघोली आहे. एके काळचें हें शांत खेडें आतां चांगलेंच फुगलें आहे. २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. समजा, वाघोलींत एका गल्लींत दरोडेखोर शिरले आहेत आणि रस्त्यावरून शिपायांनीं भरलेल्या गाड्या भरधांव चालल्या आहेत. दरोड्याचा बंदोबस्त व्हावयाचा तर तीन गोष्टी घडल्या पाहिजेत. पहिली, वाघोलीजवळ येतांच गाडीचा वेग कमी झाला पाहिजे. दुसरी, योग्य जागीं गाडी पक्की थांबली पाहिजे. नुसती हळू चालून उपयोग नाहीं. आणि तिसरी, शिपायांनीं खालीं उतरून, घरांच्या दाटींतून वाट काढीत त्या गल्लींत शिरलें पाहिजे. यांतील एक जरी गोष्ट अडली, तरी गांवकऱ्यांच्या दृष्टीनें शिपाई असून नसून सारखेच! गाड्या रस्त्यावरून पुढें जातील, कोतवालींतून आणखी गाड्या सुटतील, रस्ता गाड्यांनीं भरून जाईल, आणि गल्लींत लूट चालूच राहील.

शरीरांत हेंच तीन टप्प्यांनीं घडतें. जंतूंचा शिरकाव झालेल्या जागेजवळील रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नांवाचीं प्रथिनें उगवतात. पांढऱ्या पेशीच्या अंगावर एका विशिष्ट साखरेनें मढविलेले तुरे असतात. सिलेक्टिन आणि हे तुरे एकमेकांना अलगद धरतात व सोडतात; त्यामुळें वेगानें जाणारी पेशी भिंतीवरून चेंडूसारखी गडगडूं लागते व तिचा वेग मंदावतो. हा पहिला टप्पा. मग त्या जागेंतून निघणारे रासायनिक इशारे पेशीला मिळतात, आणि तिच्या अंगावरील इन्टेग्रिन नांवाचीं दुसरीं प्रथिनें ताठ होऊन भिंतीवरील जोडीदार प्रथिनांना घट्ट पकडतात. पेशी थांबते. हा दुसरा टप्पा. शेवटीं ती चपटी होऊन अस्तराच्या दोन पेशींमधून पलीकडे सरकते आणि जिकडे इशारा अधिक तीव्र तिकडे चालूं लागते. हा तिसरा टप्पा. जी पेशी मिलीमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाएवढी, तिच्या अंगीं केवढी ही शिस्त!

या शिस्तींत जन्मतःच खोट असली, म्हणजे जो रोग उद्भवतो त्याला श्वेतपेशी-संलग्नतेचा अभाव असें म्हणतां येईल. डॉक्टर मंडळी त्याच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें घेऊन त्याला ‘एलएडी’ म्हणतात. त्याचे तीन प्रकार ठाऊक आहेत, आणि गंमत अशी, कीं आपल्या उदाहरणांतील गाडीच्या निरनिराळ्या बिघाडांशीं ते बरोबर जुळतात.

पहिल्या प्रकारांत गाडी हळू होते, पण थांबत नाहीं. इन्टेग्रिनचा एक आवश्यक घटक सीडी-१८ या नांवानें ओळखला जातो; तो घडविणारें जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. त्या जनुकांत दोष असला म्हणजे पेशीच्या अंगीं पकड राहत नाहीं. सुमारें १० लक्ष जन्मांत एखाद्या बालकास हा दोष असतो असा अंदाज आहे. ज्या मुलांत सीडी-१८ नेहमींच्या मानानें शेंकडा २ पेक्षांही कमी असतें, त्यांचा रोग तीव्र. २ ते ३० पर्यंत असेल तर तो कांहींसा सौम्य.

या रोगाची पहिली खूण पुष्कळदां बाळंतिणीच्या खोलींतच दिसते, आणि ती पाहण्याला यंत्र लागत नाहीं. बाळाची नाळ साधारणपणें एक ते दोन आठवड्यांत वाळून गळून पडते. बारशाच्या सुमारास ती बहुधा पडलेलीच असते. नाळ पडणें ही नुसती वाळण्याची क्रिया नव्हे. देठाशीं पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि तेथील पेशिजाल विरघळवून नाळ मोकळी करतात. ज्या बाळाच्या पांढऱ्या पेशींना रक्तांतून बाहेरच पडतां येत नाहीं, त्याची नाळ तीन-तीन, चार-चार आठवडे तशीच राहते आणि बेंबीभोंवतीं लाली व सूज येते. १९७९ सालीं इंग्लंडमधील डॉक्टरांनीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत अशा मुलांचें वर्णन केलें: उशिरां पडलेली नाळ, वारंवार होणारे संसर्ग, आणि पांढऱ्या पेशींच्या हालचालींतील दोष. पुढील दहा वर्षांत सीडी-१८ चा अभाव हें त्याचें मूळ म्हणून सिद्ध झालें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर कित्येक घरांत विनाकारण घबराट उडेल. नाळ उशिरां पडली म्हणजे हा रोग असलाच पाहिजे असें मुळींच नाहीं. नाळेला वारंवार जंतुनाशक औषधें लावल्यानेंही ती उशिरां पडते, आणि तीन आठवडे घेणारीं बहुतेक बाळें पूर्ण निरोगी असतात. नाळ पडण्यास उशीर होणें, बेंबीला संसर्ग होणें आणि रक्तांत पांढऱ्या पेशींची संख्या फार चढलेली असणें, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर मात्र चौकशी लांबणीवर टाकूं नये. नाळेच्या जागीं राख, हळद, तेल किंवा अंगारा लावण्याची चाल अजून कोठें कोठें आहे; ती सोडून द्यावी. नाळ स्वच्छ व कोरडी ठेवणें एवढेंच पुरेसें असतें.

दुसरी खूण म्हणजे पू नसणें. मेचनिकॉफ यांनीं दाखविलेला पेशींचा ढीग येथें जमतच नाहीं. अशा मुलाला जखम झाली तर ती कोरडी, काळसर व पसरत जाणारी दिसते. कडा खाल्ल्यासारख्या होतात आणि व्रण पातळ कागदासारखा उरतो. घरच्यांना वाटतें, पू नाहीं म्हणजे जखम चांगली आहे. खरें पाहतां पू नसणें हीच येथें धोक्याची घंटा असते.

तिसरी खूण तोंडांत दिसते. जीं मुलें सौम्य रोग घेऊन मोठीं होतात त्यांच्या हिरड्या सतत लाल व सुजलेल्या राहतात, दांतांभोंवतालचें हाड झिजतें, आणि अकालीं दांत हलूं लागतात. पांढऱ्या पेशी पोंचत नाहींत म्हणून जंतु माजतात, एवढेंच याचें कारण असावें असें पुष्कळ वर्षें समजत. अमेरिकेंतील दंतसंशोधकांनीं २०१४ सालीं दाखवून दिलें, कीं यांत आणखी एक भानगड आहे. न्यूट्रोफिल आपल्या जागीं पोंचल्या म्हणजे त्या पेशिजालाला ‘आतां पुरे’ असा निरोपही देतात. त्या न आल्यामुळें निरोप पोंचत नाहीं, हाका मारण्याचें काम थांबत नाहीं, आणि त्या अखंड आरड्याओरड्यानेंच हिरडीचा व हाडाचा नाश होतो. हा गोंगाट शांत करणारें औषध देऊन एका रुग्णाच्या हिरड्या व जुनी जखम सुधारल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें.

आणि चौथी खूण रक्ताच्या तपासणींत. शरीर हाका मारीत राहतें, मज्जा नवनव्या पेशी पाठवीत राहते, आणि बाहेर पडण्याची वाट बंद असल्यामुळें त्या सर्व रक्तांतच सांचतात. संसर्ग नसतांनाही त्यांची संख्या घन मिलीमीटरला २० हजारांच्या वर असते. संसर्गांत ती एक लक्षाच्या घरांत जाऊं शकते. त्यामुळें कधीं कधीं रक्ताच्या कर्करोगाची शंका येते. रस्ता गाड्यांनीं भरलेला, आणि गल्ली ओस!

आतां दुसरा प्रकार; आणि येथें आपण परळला येतों. १९५२ सालीं मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. य. म. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनीं, इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या साहाय्यानें, एका नव्या रक्तगटाची वार्ता ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केली. कांहीं व्यक्तींचें रक्त वरवर ‘ओ’ गटाचें भासे. पण ‘ओ’ गटाचें रक्तही त्यांना चालेना. ‘ए’, ‘बी’ व ‘ओ’ या तिन्ही गटांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नांवाचा जो मूळ पदार्थ असतो, तोच या लोकांच्या पेशींवर नव्हता. जगानें या रक्ताला ‘बॉम्बे रक्तगट’ असें नांव दिलें. भारतांत सुमारें १० हजारांत एक, तर युरोपांत १० लक्षांत एक, इतका तो विरळ आहे. असें रक्त असलेला मनुष्य इतर बाबतींत पूर्ण निरोगी असतो. फक्त रक्त घेण्याची वेळ आली तर त्याला त्याच गटाचें रक्त शोधावें लागतें.

यानंतर बरोबर ४० वर्षांनीं, १९९२ सालीं, इस्रायलमधील हैफा येथें डॉ. आमोस एत्सिओनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीं एकमेकांच्या नात्यांतलीं नव्हतीं. दोघांना वारंवार संसर्ग होत, पू होत नसे, पांढऱ्या पेशी वाढलेल्या असत, उंची खुंटलेली होती व बुद्धीची वाढ मंद होती. पण त्यांचें सीडी-१८ अगदीं व्यवस्थित होतें! मग खोट कोठें? धागा सांपडला तो त्यांच्या रक्तगटांत. दोघांचाही रक्तगट ‘बॉम्बे’ होता.

एका विरळ रोगांत एक विरळ रक्तगट दोनदां आढळावा, हा केवळ योगायोग नव्हता. ‘एच’ पदार्थाच्या टोंकाशीं फ्यूकोज नांवाची साखर असते; आणि पांढऱ्या पेशींवरील ज्या तुऱ्यांना सिलेक्टिन धरतात, त्या तुऱ्यांनाही हीच साखर लागते. या मुलांच्या शरीरांत ती साखर कोठेंच चिकटविली जात नव्हती. परिणामीं तांबड्या पेशींवर ‘एच’ नाहीं म्हणून रक्तगट ‘बॉम्बे’, आणि पांढऱ्या पेशींवर तुरे नाहींत म्हणून त्यांचा वेग मंदावत नाहीं. आपल्या उदाहरणांतील गाडी वाघोलीपाशीं हळूच होत नाहीं. मग थांबण्याचा प्रश्नच कोठें आला? २००१ सालीं दोषाची नेमकी जागा सांपडली. पेशीच्या ज्या कोठींत हें जोडकाम चालतें, त्या कोठींत फ्यूकोज नेऊन पोंचविणारें वाहक प्रथिनच बिघडलेलें होतें.

ज्यांचा रक्तगट बॉम्बे आहे असे श्रोते वा वाचक यावरून धास्तावतील, म्हणून भेद नीट सांगतों. घरांत साखर भरपूर आहे, पण स्वयंपाकिणीला एकच पक्वान्न, समजा चिरोटे, करतां येत नाहींत, बाकी लाडू, शिरा, बासुंदी सर्व उत्तम होतें. ही सामान्य बॉम्बे रक्तगटाची स्थिति. तेथें फक्त ‘एच’ घडविण्याचें कौशल्य नसतें. उलट, दुकानांतून साखर घरांत पोंचतच नाहीं, त्यामुळें चिरोटेही नाहींत आणि लाडूही नाहींत. ही त्या रोगी मुलांची स्थिति. चिरोटे दोन्ही घरीं नाहींत, एवढेंच दोहोंतील साम्य. बॉम्बे रक्तगटाचीं भारतांतील असंख्य माणसें या रोगापासून पूर्णपणें मुक्त आहेत.

या साखरेच्या दृष्टांतावरून आपल्या मनांत येईल, कीं मग मुलांना ती साखर पोटांतून कां देऊं नये? हाच विचार जर्मनींतील डॉक्टरांनीं केला. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अनुभवाप्रमाणें, एका तुर्की बालकास फ्यूकोज दिल्यावर पेशींवर तुरे पुन्हां दिसूं लागले, ताप व संसर्ग थांबले आणि पांढऱ्या पेशींची संख्या उतरली. मात्र हैफा येथील मुलांना त्याचा गुण आला नाहीं. कारण एकाच वाहकाचा बिघाड निरनिराळ्या कुटुंबांत निरनिराळ्या तऱ्हेचा असतो.

तिसरा प्रकार थोडक्यांत सांगतां येईल. त्यांत इन्टेग्रिन असतात, पण ‘पकड’ असा हुकूम पेशीच्या आंतून त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं. किंडलिन-३ हें हुकूम पोंचविणारें प्रथिन नसतें. गाडीला थांबविण्याचें साधन आहे, पण पाय त्यावर पडत नाहीं. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिकांनाही हाच हुकूम लागतो. म्हणून या मुलांत संसर्गाच्या जोडीला रक्तस्रावही होतो.

हे तिन्ही प्रकार आनुवंशिक आहेत. आपल्याकडे समजूत अशी, कीं बाळ जन्मल्यावर सटवाई रात्रीं येऊन त्याच्या कपाळीं लेख लिहून जाते. हा लेख त्याहून बराच आधीं लिहिलेला असतो आणि त्याच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत तीच चूक असेल तरच रोग होतो. एकच प्रत सदोष असलेले आईबाप स्वतः निरोगी असतात, आणि म्हणूनच त्यांना पूर्वसूचना मिळत नाहीं. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रांतील पुष्कळ जातींत आहे. आते-मामे भावंडांच्या लेखांचा सुमारें आठवा हिस्सा एकसारखा असतो. त्यामुळें तीच चूक दोहींकडून येण्याचा संभव अशा विवाहांत वाढतो. बहुतेक अशा दांपत्यांचीं मुलें निरोगीच असतात; परंतु ज्या घराण्यांत तान्हीं मुलें संसर्गानें दगावलेलीं आहेत, तेथें नात्यांत सोयरीक करण्यापूर्वीं वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. यांत एकट्या सुनेला बोल लावणें हें अन्यायाचें तर आहेच, पण अशास्त्रीयही आहे. लेखाची एक प्रत मुलाच्या बापाचीही असते.

निदान आतां पूर्वीइतकें अवघड राहिलेलें नाहीं. प्रथम साधी रक्तगणना करावयाची. ती संशयास्पद आली तर थोडेसें रक्त घेऊन, पांढऱ्या पेशींवर सीडी-१८ आहे कीं नाहीं हें फ्लो सायटोमीटर नांवाच्या यंत्रावर पाहतात. पेशींवर चमकणारें द्रव्य चिकटवून त्यांना एका ओळींत प्रकाशकिरणासमोरून जावयास लावतात आणि प्रत्येक पेशीची चमक मोजतात. अशी तपासणी मुंबईंत राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेंत होते. या संस्थेचा इतिहास मनोरंजक आहे. १९५७ सालीं रक्तगटांच्या अभ्यासासाठीं जें केंद्र निघालें त्यांतून ती वाढली, आणि बॉम्बे रक्तगटाच्या शोधांतील डॉ. भाटिया तिचे संचालक होते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारांतील याच संस्थेच्या संशोधकांनीं २०१२ सालीं भारतीय मुलांतील पहिल्या प्रकारच्या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या परळांत फ्यूकोजविरहित रक्ताची ओळख जगाला झाली, त्याच परळांत आज पकड हरवलेल्या पेशींची परीक्षा होत आहे. जवळच असलेल्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयांतही जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या मुलांवर उपचार होतात. घरांत एक मूल असें निघालें असेल, तर पुढील गर्भाची तपासणी आधींच करून घेतां येते.

उपचाराविषयीं सत्य तें सांगितलें पाहिजे. तीव्र रोगांत उपचारावांचून बहुतेक मुलें दोन वर्षांच्या आंत दगावतात. जंतुनाशक औषधें वेळ काढून देतात, रोग काढून टाकीत नाहींत. खरा उपाय म्हणजे सदोष पेशी घडविणारी मज्जाच बदलणें. निरोगी भावंडाची मज्जा जुळली तर उत्तम. असें पूर्णपणें जुळण्याचा संभव प्रत्येक सख्ख्या भावंडामागें चारांत एक असतो. २००९ सालीं निरनिराळ्या देशांतील ३६ मुलांचा अनुभव प्रसिद्ध झाला, त्यांतील शेंकडा ७५ वांचलीं होतीं. अलीकडे दुसरा मार्ग उघडला आहे: मुलाच्याच मज्जेंतील मूळ पेशी बाहेर काढून, त्यांत निर्दोष जनुक घालून, त्या परत त्याच्याच अंगांत सोडावयाच्या. तीव्र रोगाच्या ९ मुलांवर हा प्रयोग झाला आणि तीं सर्व जिवंत असल्याचें २०२५ सालीं जाहीर झालें. हा उपचार अद्याप आपल्या सामान्य कुटुंबांच्या आटोक्याबाहेरचा आहे. मज्जारोपणाचाही खर्च लहान नाहीं. भारत सरकारनें २०२१ सालीं दुर्मिळ रोगांविषयीं धोरण जाहीर करून जीं केंद्रें नेमलीं त्यांत मुंबईचें केईएम रुग्णालय आहे. आपल्या मुलाच्या रोगास मदत मिळूं शकेल काय, याची चौकशी तेथें करावी.

या सर्वांतून गृहस्थाश्रमी माणसानें काय लक्षांत ठेवावें? रोग अतिशय विरळ आहे. आपल्या मुलाला तो असण्याचा संभव जवळजवळ नाहींच. परंतु तो असलाच, तर निदानास लागणारा प्रत्येक आठवडा मोलाचा असतो, कारण मज्जारोपण जितकें लवकर, मूल जितकें कमी खंगलेलें, तितकें यश अधिक. म्हणून बाळाची नाळ कोणत्या दिवशीं पडली हें त्याच्या जन्मवेळेच्या शेजारीं टिपून ठेवावें. प्रत्येक आजारांतील रक्ततपासणीचे कागद फेकून न देतां एका पाकिटांत तारखेवार जपावेत. संसर्ग ओसरल्यावरही पांढऱ्या पेशी चढलेल्याच राहतात कीं काय, हें एका कागदावरून कळत नाहीं, चारांवरून कळतें. जखम भरत नसून तिच्यांत पू नसेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. आणि घराण्यांत पूर्वीं एखादें तान्हें मूल संसर्गानें गेलें असेल, तर तें दुःख झांकून न ठेवतां डॉक्टरांपुढें बोलून दाखवावें. गेलेल्या त्या बाळाची ती एक हकीकत पाळण्यांतील दुसऱ्या बाळाचे प्राण वांचविण्यास पुरेशी होऊं शकते.